पाचव्या पायरीतला कप्पा

परंदवडीच्या आमच्या घरावर मजला चढवायचं ठरलं तेव्हा गवंडी म्हणाला होता, जिना बाहेरून काढा, सिमेंटचा, आतली जागा वाचेल. माझे मिस्टर हसले. "जिना मी करनार," ते म्हणाले. "लाकडाचा, आतून. आन् जागा जायची न्हाई, उलटी मिळंल." गवंड्याला ते कळलं नाही. मलाही कळलं नाही.

नवऱ्याला मी आयुष्यात कधी नावाने हाक मारली नाही, तेव्हा इथेही ते 'ते'च राहतील. ते सुतारकाम करायचे. आमच्या भावकीत त्यांच्याआधी कुणी सुतारकी केलेली नव्हती. सासरे दुसऱ्यांच्या भातखाचरात राबले, त्यांचे वडीलही. हे मात्र वीस-एकवीस वर्षांचे असताना लोणावळ्याला एका बंगल्याच्या पायाची माती काढायला गेले आणि तिथे एका राजस्थानी मिस्त्रीचा रंधा चालताना बघत उभे राहिले. मिस्त्रीने दोन दिवस हाकललं. तिसऱ्या दिवशी हातात पॉलिश पेपर दिला आणि म्हणाला, घास. त्यानंतर तीसहून जास्त वर्षं ते बेगडेवाडीहून सकाळची लोकल पकडून लोणावळ्याला जात राहिले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, माहेर कान्ह्याचं. आमचं लग्न ठरलं तेव्हा नातेवाईक कुजबुजले होते, शिकलेली पोरगी लाकूड तासणाऱ्याला दिली. नवऱ्याच्या कानावर ते गेलंच असणार. पण त्यांनी त्याची थट्टा करून टाकली. शाळेतली मुलं हाक मारतात तशी ते मला घरात 'बाई' म्हणायचे. "बाई, चहा मिळंल का? सतराचा पाढा म्हनून दाखवतो." आणि खरंच म्हणायचे, सतरा दाहे सत्तर सोडून सगळा बरोबर. मी "एकशे सत्तर" म्हणून दुरुस्त करायची, की मुद्दाम पुन्हा चुकायचे.

लोणावळ्याच्या बंगल्यांत त्यांना एका खास कामासाठी बोलावणं यायचं. बंगल्यांचे मालक शनिवार-रविवार येणारे, एरवी घर माळ्याच्या आणि रखवालदाराच्या ताब्यात. मालकांना कुणाच्या नजरेला पडणार नाहीत असे कप्पे हवे असायचे. आरशाच्या मागे, खिडकीतल्या बैठकीच्या खाली, पलंगाच्या डोक्याशी. हे असा कप्पा करायचे की बोटाने चाचपलं तरी जोड लागू नये. कुणाच्या बंगल्यात कुठे काय केलं, हे त्यांनी मला कधीही सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणायचे, "दुसऱ्याच्या घरचं गुपित आपल्या तोंडात ठिवायचं न्हाई. तोंडाला कुलूप नसतं."

आमच्या जिन्याचं लाकूड लोणावळ्यातल्याच एका पाडलेल्या बंगल्यातलं होतं, जुना साग. त्यातले खिळे काढण्यातच त्यांचे कितीतरी रविवार गेले. लेक तेव्हा नववीत होती. ती खाली बसून खिळे डब्यात टाकायची आणि मोजायची. जिना पुरा व्हायला पाऊस गेला, थंडी गेली, उन्हाळा लागला. तेरा पायऱ्या. खालच्या तीन पायऱ्यांच्या उभ्या फळ्या म्हणजे ड्रॉवर होते, पण मूठ नाही, कडी नाही. डाव्या कोपऱ्यावर तळव्याने हलकं दाबलं की फळी आपसूक बाहेर यायची. पहिल्यात चपला, दुसऱ्यात लेकीची पुस्तकं, तिसऱ्यात माझ्या शाळेच्या वह्या. घरी येणाऱ्यांना आम्ही ते दाखवायचो आणि लोक तोंडात बोट घालायचे.

पाचवी पायरी मात्र कुणाला दाखवली नाही. कठड्याच्या खांबाला खालच्या बाजूने एक लाकडी खुंटी होती, जुन्या खिळ्याच्या डोक्यासारखी दिसणारी. ती पेरभर ओढायची आणि मग पायरीची आडवी फळी दोन्ही हातांनी स्वतःकडे सरकवायची. खाली हातभर लांब, वीतभर खोल पेटी. त्यांनी ती आम्हा दोघींना उघडून दाखवली तेव्हा लेक म्हणाली, "पण पप्पा, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

ते पायरीवर बसले. हातातल्या फडक्याने फळी पुसत म्हणाले, "आज काय न्हाई. पन जागा असावी. आपल्या मान्सांच्या घरांत लपवायला जागाच नसायची. काय हाय आन् काय न्हाई, समद्या गावाला दिसायचं."

मी त्या कप्प्यात घराचे कागद आणि लेकीच्या गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवल्या. बाकी तो रिकामाच राहिला. लेक शिकली, तळेगावच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली, तिथल्याच एका मुलाशी लग्न करून स्टेशनजवळच्या सोसायटीत राहायला गेली. आम्ही दोघं उरलो. ते दिवस फार चांगले होते. तेव्हा मला ते चांगले आहेत असं वाटतसुद्धा नव्हतं, इतके साधे होते.

एका दुपारी मी शाळेतून आले तर दारात एक गाडी उभी होती. त्यांचा ठेकेदार स्वतः त्यांना लोणावळ्याहून घेऊन आला होता. ते आत खाटेवर बसले होते, कानामागे पेन्सिल तशीच. ठेकेदार मला अंगणात घेऊन गेला आणि खाली बघत म्हणाला, "बाई, यांना जरा डॉक्टरला दाखवा. पाच दारं कापली, पाचही दोन-दोन इंचांनी आखूड. मी म्हटलं, असू दे, होतं. पुन्हा माप घ्यायला लावलं तर टेप हातात धरून नुसते उभे राहिले."

माप कधी कागदावर लिहायचे नाहीत असा त्यांचा लौकिक होता. एकदा टेप लावली की महिनाभर डोक्यात राहायचं. मी आत येऊन विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काय न्हाई. टेप बिघडलीया."

पुढच्या काही महिन्यांत आणखी काय काय झालं. एकदा मळवलीलाच उतरले आणि लोणावळा समजून बाजार शोधत राहिले. एकदा पगार झालेला विसरले आणि ठेकेदाराशी भांडले, जे कधी कुणाशी भांडले नव्हते. तळेगावच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरणीने मेंदूचे फोटो काढायला लावले आणि मग त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवून घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी हाताने असा गोल काढला की कंपास लावून तपासावा. डॉक्टरीणसुद्धा "वा" म्हणाली. मग त्यांनी आकडे घातले. बाराचे बारा एकाच बाजूला, एकावर एक दाटीवाटीने, आणि उरलेला गोल रिकामा. ते बराच वेळ त्या रिकाम्या भागाकडे बघत राहिले. काहीतरी चुकलंय हे त्यांना कळत होतं. कुठे, ते कळत नव्हतं.

डॉक्टरीण मला म्हणाली, हा विसराळूपणा नाही, आजार आहे. वयाच्या मानाने फार लवकर आलाय. औषधाने थोडा हळू चालेल, थांबणार नाही. ते तेव्हा चोपन्न वर्षांचे होते.

ठेकेदाराने वर्षभर त्यांना सांभाळून घेतलं. सुरुवातीला मिस्त्रीने दिला होता तसाच पॉलिश पेपर पुन्हा त्यांच्या हातात दिला. नंतर तेही जमेना, तेव्हा एक दिवस हात जोडून म्हणाला, वाटेत काही झालं तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू? मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि घरी बसले.

घरी ते घर दुरुस्त करायला लागले. धडधाकट घर. स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि खालून चार बोटं कापलं. टेबलाचा एक पाय आखूड केला, मग तो बरोबर करायला दुसरा. मी म्हणायची, राहू द्या. ते म्हणायचे, "बाई, तुमी शाळा बघा, हे मला बघू द्या." तेव्हा अजून 'बाई' थट्टेतलं होतं. निदान मला तसं वाटायचं.

एका रविवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खालून हाक आली नाही, आवाज आला नाही, पण काहीतरी वाटून मी खाली आले. ते जमिनीवर बसले होते. लाकूड कोरायची पटाशी त्यांच्या डाव्या तळहातातून आरपार गेली होती. ते रडत नव्हते, ओरडत नव्हते. फरशीवर साचलेल्या रक्ताकडे बघून त्यांनी मला विचारलं, "हे कुनाचं?"

मी किंचाळले. शेजारचे आबा गोठ्यातून धावत आले. आबा म्हणजे गावातले जुने शेतकरी, आमच्या घराला लागूनच त्यांची खाचरं. पंच्याहत्तरीचा माणूस, पण पटाशी तशीच ठेवून त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने हात आवळून बांधला, नवऱ्याला आपल्या जीपमध्ये बसवलं आणि मुलाला चालवायला लावून तळेगावला नेलं. पाठीवर हात ठेवून वाटभर एकच बोलत होते, "काय न्हाई झालं. बैलाचं शिंग लागल्यावानी समजायचं."

हात वाचला. दोन बोटं पुढे कधी नीट वळली नाहीत. त्या संध्याकाळी लेक मला दवाखान्याच्या व्हरांड्यात घेऊन गेली आणि म्हणाली, "आई, हत्यारं काढून घे."

"त्यांच्याकडे दुसरं उरलंय काय?" मी म्हणाले.

"हातसुद्धा उरणार नाहीत." ती रडत होती. "मी नाही बघू शकत, आई. तूच काढून घे."

दोन दिवसांनी ते आबांच्या गोठ्याशी बसायला गेलेले असताना मी त्यांची हत्यारांची पेटी उघडली. मोठा रंधा, लहान रंधा, तीन पटाश्या, हातोडी, गुण्या, कानस. प्रत्येक दांड्यावर त्यांच्या हाताने पडलेला खळगा होता. मी ती माझ्या एका जुन्या सुती साडीत गुंडाळली. खुंटी ओढली, फळी सरकवली. इतकी वर्षं झाली तरी फळी जराही कुरकुरली नाही. कागद आणि गुणपत्रिका काढून मी कपाटात टाकल्या आणि त्यांच्या जागी त्यांची हत्यारं ठेवली. करवत मावली नाही, ती लेक घेऊन गेली. रिकामी पेटी मी माळ्यावर टाकली.

त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या कप्प्यात मी त्यांच्यापासूनच वस्तू लपवत होते. हे मला तेव्हा कळत होतं. करताना कळत होतं.

ते परत आले, हात-पाय धुतले आणि थेट कोपऱ्यात गेले. "माझी पेटी कुटं?"

"धार लावायला दिलीय," मी म्हणाले.

ते म्हणाले, "ब्येस केलं. पटाशीची धार गेलीच व्हती." आणि शांतपणे चहा प्यायले. मला वाटलं, निभावलं. तासाभराने पुन्हा कोपऱ्यात गेले. "बाई, माझी पेटी?"

असे किती दिवस गेले ते मला सांगता येणार नाही. सकाळी डोळे उघडले की पेटी. जेवताना पेटी. मी कधी म्हणायची धार लावायला, कधी ठेकेदाराकडे, कधी लेकीकडे. शाळेत मी मुलांना तीस वर्षं खोटं बोलू नका म्हणून शिकवलं आणि घरात दिवसातून पंधरा वेळा खोटं बोलत होते, तेही अशा माणसाशी, ज्याचा माझ्यावर अजून विश्वास होता. तो विश्वासच मला सगळ्यात जड व्हायचा. प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकायचे आणि प्रत्येक वेळी मान हलवायचे.

मग मान हलवणं बंद झालं. हत्यारं चोरीला गेलीत असं त्यांच्या मनाने घेतलं. एका सकाळी ते अनवाणी आबांच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागोमाग पळाले. आबांच्या घरची सगळी माणसं बाहेर आली होती, वाटेने दूध घालायला निघालेले दोघे-तिघेही थांबले होते.

"माझी हत्यारं द्या," ते म्हणत होते. आवाज इतका मोठा मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "तुमी नेली. मला ठावं हाय. आमच्या वस्तीतलं काय गेलं तर कोन इचारतंय? तुमचं गेलं की पयलं आमच्याकडं यायचं. माझ्या बापाला चावडीम्होरं उभं केलतं. आता मी आलो, द्या!"

सासऱ्यांना कधीतरी, माझा नवरा लहान असताना, गावात काही हरवलं म्हणून चावडीपुढे उभं केलं होतं. हे मला ठाऊक होतं, पण त्यांनी त्याचा उल्लेख उभ्या आयुष्यात एकदाच केला होता, तोही सहज. ते इतकं आत कुठेतरी जपून ठेवलेलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

आबांचा मुलगा पुढे झाला. आबांनी त्याला हाताने मागे सारलं. ते ओट्यावरून खाली उतरले आणि माझ्या नवऱ्यासमोर उभे राहून म्हणाले, "व्हय. माझ्याकडंच हायेत. गोठ्याच्या दाराला लागत व्हती म्हून नेली. उद्या आनून देतो."

"उद्या?"

"उद्या. शब्द हाय."

त्यांचा राग एकदम उतरला. "इचारून न्यायची व्हती," ते म्हणाले.

"चुकलं माझं," आबा म्हणाले.

मी तिथे पदर तोंडाशी धरून उभी होते. हत्यारं कुठे आहेत हे मला माहीत होतं. एका म्हाताऱ्या, चांगल्या माणसाने गावासमोर चोर व्हायचं कबूल केलं, आणि मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर ते पायरी उघडायला गेले असते, आणि पुन्हा फरशीवर रक्त. हे खरंच आहे. पण मी गप्प राहण्याचं कारण तेवढंच नव्हतं. माझ्यावर चोरीचा आळ यावा हे मला सोसवणार नव्हतं. त्यांच्या नजरेत मी अजून त्यांची माणूस होते, आणि तेवढं मला टिकवायचं होतं.

त्यानंतर बरेच दिवस ते रोज सकाळी आबांकडे जायचे आणि आबा रोज उद्याचा वायदा करायचे.

पावसाळा सरत आला होता. एका दुपारी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि ते जिन्यावर बसले होते. हल्ली ते बराच वेळ तिथेच बसत. मी सहज डोकावले तर ते उजव्या हाताने पायरीची कड चाचपत होते. पाचवीच पायरी.  त्यांची बोटं फळीच्या जोडावरून गेली, मागे आली, पुन्हा गेली. खुंटीपाशी आली आणि तिच्यावरून तशीच पुढे सरकली.

"बाई," त्यांनी हाक मारली. मी पिठाचे हात घेऊन जवळ गेले. "हा जिना कुनी केला?"

 "एका मिस्त्रीने," मी म्हणाले.

"हात लय चांगला हाय." त्यांनी पुन्हा कड चाचपली. "जोड लागत न्हाई बोटाला. आता आसं काम कोन करतंय? हितलाच हाय का?"

"इथलाच."

"बोलवा की त्याला एक दिवस. त्याच्याकडं हत्यारं असतील. माझी घावत न्हाईत." ते जरा ओशाळल्यासारखे हसले. "सापडंपतुर मागून घेतो म्हनावं. संबाळून वापरीन. कारागीर कारागिराला न्हाई म्हनत न्हाई."

त्यांच्या बुडाखाली, वीतभर अंतरावर, सगळी हत्यारं होती. मी तव्यावरची भाकरी करपतेय म्हणून आत पळाले. भाकरी करपत नव्हती. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि बाहेर आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडला. आज वाटतं, त्या दिवशी फळी सरकवायला हवी होती. धारेला चिंध्या बांधल्या असत्या, शेजारी बसून राहिले असते, एक तासभर तरी हातात दिली असती. त्या दिवशी त्यांना अजून हवी होती. पण त्यांच्या डाव्या हाताची ती न वळणारी बोटं माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि मी नळाखाली हात धुवून परत भाकरी थापायला घेतली.

त्या सुमारासच 'बाई'चा अर्थ बदलला. एका संध्याकाळी मी त्यांना जेवण वाढलं तर ते ताटाला हात लावेनात. म्हणाले, "बाई, तुमी कुटल्या? तुमच्या घरची वाट बघत असतील." मी म्हणाले, "मी इथलीच." ते म्हणाले, "आसं का. आमची मालकीन शाळंत गेलीय, ती आली की जेवू संगतीनं." मी शेजारच्या खोलीत गेले, साडी बदलली, पिशवी खांद्याला अडकवली आणि पुढच्या दाराने आत आले. "आली का?" ते म्हणाले आणि जेवले. असं मी पुढे कितीतरी वेळा केलं. मग तेही चालेनासं झालं.

आणि मग ते हत्यारं मागायचे थांबले. कधी थांबले ते मला कळलं नाही. भात काढणी झाली, मळणी झाली, आबांनी नवा इंद्रायणी तांदूळ पाठवला. तो निवडताना माझ्या ध्यानात आलं की चार-पाच दिवसांत पेटी कुणी विचारलेली नाही. की आठ दिवसांत? मला बरं वाटलं. आधी बरंच वाटलं, हे लिहायला हवं. मी निवांत बसून चहा प्यायले. आणि मग ते माझ्या अंगावर आलं. ज्या दिवशी त्यांनी शेवटचं विचारलं, त्या दिवशीही मी त्यांना काहीतरी थाप मारून पाठवलं होतं, घाईघाईत, बहुतेक दुसरीकडे बघत.

लेकीला मी फोन करून बोलावलं. ती सुट्टीच्या दिवशी आली. तिला ते आता 'ताई' म्हणायचे आणि तिने ते मान्य केलं होतं. आम्ही दोघींनी पायरी उघडली. त्यांच्या देखत उघडली. इतक्या दिवसांनी फळी सरकली, ते बघत होते, पण ओळखीचं काही चेहऱ्यावर उमटलं नाही. लेकीने साडीचं गाठोडं त्यांच्यापुढे ठेवून सोडलं. पटाश्या मी बाजूला घेतल्या आणि मोठा रंधा दोन्ही हातांनी त्यांच्या मांडीवर ठेवला.

"पप्पा," लेक म्हणाली, "हे बघा. सापडली तुमची हत्यारं."

त्यांनी रंध्यावर हात ठेवला. "गार हाय," म्हणाले. थोडा वेळ बोटाने दांड्याचा खळगा चाचपला.  बोट त्या खळग्यात बरोबर बसलं, बसणारच होतं, पण ते तिथे थांबलं नाही. त्यांनी रंधा दोन्ही हातांनी उचलून, पाहुण्याची विसरलेली वस्तू परत करावी तसा अदबीने माझ्याकडे दिला. "तुमचं हे ऱ्हायलं बगा."

मग त्यांनी माझी जुनी साडी ओढून घेतली आणि तिच्या घड्या घालायला लागले. घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. लेक उठून अंगणात गेली. मी तिथेच पायरीवर बसून राहिले आणि त्यांना घड्या घालायला मदत केली. त्यांना ते आवडलं.

पुढच्या पावसाळ्यात त्यांना गिळता येईना. ठसका लागून छातीत कफ भरला. तळेगावच्या दवाखान्यात नऊ दिवस होते. सातव्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही दोघंच असताना मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलले. "अहो, हत्यारं मीच लपवली होती. आबांनी नाही, कुणी नाही. मी. तुमच्या हातासाठी लपवली, पण तुमच्याशी खोटं बोलले. रोज बोलले." त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं की नाही, मी सांगू शकत नाही. ओठ हलले तसा मी कान जवळ नेला. त्यांना पाणी हवं होतं. पाणी पाजायला मनाई होती. मी कापूस ओला करून त्यांच्या ओठांवरून फिरवला. दोन दिवसांनी ते गेले.

बुद्धविहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढरे कपडे घातलेली आमची सगळी माणसं, आणि मागे एका कडेला आबा, तेही धुवट पांढऱ्या सदऱ्यात. माणसं पांगल्यावर ते घरी आले. मी चहा ठेवला. इतके दिवस तोंडाशी येऊन गिळलेलं मी बोलून टाकलं. "आबा, हत्यारं आमच्या जिन्यातच होती. मी ठेवली होती. तुम्ही गावासमोर चोर झालात आणि मी बघत उभी राहिले."

आबांनी बशीत चहा ओतला. "मला वाटलंच व्हतं," ते म्हणाले. "घरातली वस्त घरातल्याशिवाय कुटं जातीया?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं, पोरी? त्याला कुनावर तरी रागवायचं व्हतं. तुज्यावर रागावला असता, तर त्याला भाकरी कुनी घातली असती?" त्यांनी बशी तोंडाला लावली, मग खाली ठेवली. "आन् त्यो म्हनला ते काय खोटं न्हवतं. त्याच्या बापाला उभं केलं तवा म्या हुतो तितं. तरना पोरगा व्हतो, बगत उभा ऱ्हायलो."

 चहा संपला. धार काढायची वेळ झाली म्हणून आबा उठले. दारापर्यंत जाऊन त्यांनी विचारलं की पोरीकडे जाणार का तळेगावला. मी म्हणाले, अजून ठरलं नाही. "घाई नगं करू," ते म्हणाले, आणि चप्पल पायात सरकवून अंगणातून हळूहळू गोठ्याकडे गेले. मी कपबश्या उचलल्या, विसळल्या, आणि एकटीच्या जेवणाला तांदूळ किती घ्यायचा ते मला कळेना.